अकरा दिवसांचं जुनं गाणं

मंगळवार, ४ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. मी बरी आहे. तुम्हीही बरे असाल असं धरून चालते, कारण नसता तर वहिनीनं कळवलं असतं. तू कळवणारा नाहीस. तिला माझा नमस्कार सांग.

पत्र पाहून दचकू नकोस. कुणी आजारी नाही, कुणी गेलेलं नाही. आपल्यात पाकीट आलं की पहिली शंका हीच येते, कारण एरवी आपण लिहितो कुठं? नव्या वर्षाचं एक कार्ड तुझं, एक माझं, दोन्हींवर छापील मजकूर आणि खाली सही. एकतीस वर्षांत एवढाच काय तो आपला पत्रव्यवहार. बाबा गेले तेव्हा आलास, दोन तास बसलास, चहा अर्धा ठेवून उठलास. त्यालाही नऊ वर्षं झाली.

मला जवळचा चष्मा लागला. सख्ख्या भावाचं चष्म्याचं दुकान असताना मी परक्याकडे डोळे तपासून घेतले, आणि त्यानं अशी फ्रेम गळ्यात मारली की लेक म्हणते, "आई, तू नापास करणाऱ्या बाईंसारखी दिसतेस." एकोणीस पूर्ण झाली ती. जिभेला हाड नाही, कुणावर गेली ते तूच ठरव.

बँड चालू आहे. नाव अजून 'मास्तरांचा बँड'च. नवे पाहुणे विचारतात, मास्तर कोण? मग मी अ‍ॅकॉर्डियनवरून मान वर करते आणि त्यांची निराशा होते. लेक कीबोर्ड वाजवते. ड्रमवाले काका तेच, तुझ्या वेळचे. आता बसताना त्यांच्या गुडघ्यांचा आवाज ड्रमच्या आधी येतो, पण एकदा बसले की ताल सुटत नाही.

तुला मुद्दाम सांगायची गंमत म्हणजे मागच्या आठवड्यात लेकीनं बाबांचे ते तीन बिस्किटांचे डबे उपसले. आठवतात? गाण्यांची कार्डं भरलेले. नवी, चालती, जुनी. बाबांचा नियम मी तिला पहिल्यांदाच सांगितला. गाणं नवरीनं मागितलं तर नवं, नवरी आणि तिची आई दोघींनी मागितलं तर चालतं, फक्त नवरीच्या आईनं मागितलं तर जुनं. आणि आजीनं मागितलं तर नीट वाजवा, कुणीतरी रडणार आहे. लेक हसली. मग 'नवी'चा डबा उघडून एकेक कार्ड माझ्या पुढ्यात आपटायला लागली. "हे नवं? हे मी आठवीत असतानाचं आहे, आई. हे तर शाळेच्या बसमध्ये लागायचं!" मला ती गाणी परवाची वाटतात. तिला ती तिच्या बालपणीची, म्हणजे इतिहासातली. काकांना विचारलं तर ते म्हणाले, मिशा पांढऱ्या झाल्यानंतरचं मी काही ऐकलेलंच नाही, नुसतं वाजवलंय. मी डब्यांची झाकणं लावून टाकली. नसता वाद.

शनिवारी एक लग्न होतं. नव्या सभागृहात, खाली लाकडी जमीन आहे, छान घुमतं. जेवणं झाल्यावर नवरीची आई चिठ्ठी घेऊन आली. माझ्याच वयाची असेल, केसांना ताजा रंग. म्हणाली, ते जुनं म्हणाल का हो, लोटलेल्या दाराचं?

आम्ही म्हटलं. घरी आल्यावर लेकीनं त्याचं कार्ड 'चालती'मधून काढून 'जुनी'च्या डब्यात टाकलं, आजोबांचा नियम म्हणून. झाकण खटकन लावलं. ती झोपल्यावर मी ते उघडून कार्ड पाहिलं आणि परत ठेवलं.

असो. एवढंच. बाकी इथे ठीक.

तुझी बहीण

ता. क. तुझी ती गाण्यांची हिरवी वही अजून आहे का रे? सहज विचारते.


रविवार, ९ मार्च

प्रिय दादा,

मागचं पत्र तुला कालपरवाच मिळालं असेल. उत्तर यायला अवकाश आहे, किंवा ते यायचंच नाही, तरी पुन्हा लिहिते. सकाळपासून हाताला चैन नाही. पडदे धुतले, डबे घासले, अ‍ॅकॉर्डियनचे पट्टे तेल लावून पुसले. लेक म्हणाली, आई, आता भिंतींना इस्त्री करतेस का.

वहीचं मी सहज विचारलं नव्हतं.

फेब्रुवारीत एक बाई आल्या आमच्याकडे. कुठल्याशा संस्थेच्या, जुनी गाणी गोळा करतात. खांद्याला झोळी, झोळीत जाडजूड वही आणि तळहाताएवढं रेकॉर्डिंगचं यंत्र. आम्ही घरात त्यांना वहीवाल्या बाई म्हणतो. माणूस फार गोड. काकांकडून त्यांनी दोन तास गाणी काढून घेतली, आणि काका एरवी वेळ विचारली तर घड्याळ पुढे करतात, बोलत नाहीत.

त्यांना विचारलं, जुनं म्हणजे नक्की किती जुनं? मला वाटलं बाबांच्या डब्यांसारखं काहीतरी सांगतील. त्या म्हणाल्या, आमच्याकडे पन्नास वर्षं ही खालची हद्द. पण वर्षं मोजता येत नाहीत बहुतेकदा, म्हणून आम्ही दुसरं बघतो. ज्या गाण्याचा कर्ता आता कुणालाच सांगता येत नाही आणि तरी ते लोकांच्या तोंडी आहे, ते आमच्या दृष्टीनं जुनं.

मग त्यांनी यंत्र चालू केलं आणि मी एकामागून एक म्हणत गेले. चौथं ते लोटलेल्या दाराचं म्हटलं. तुझं.

म्हणायला नको होतं हे मला कळतंय, ओरडू नकोस. पण कार्यक्रमात नेहमी त्याच क्रमानं येतं ते, तोंडात बसलंय. दुसरी ओळ संपली आणि बाईंनी हात वर करून मला थांबवलं. परत म्हणायला लावलं. 'झोप लागली नाही'मधला 'नाही' आहे ना, तिथे मी खाली उतरते. तू तो वर नेला होतास. तर त्या उतारावर बाईंचे डोळे भरून आले. म्हणाल्या, असा उतार आजकाल कुणी करणारच नाही, तिथे कुठलाही बनवणारा वर जाईल. ही फार जुनी वळणं आहेत, शंभर-सव्वाशे वर्षं कुठं गेली नाहीत. आणि मग म्हणाल्या, 'उंबऱ्यावरची चप्पल' हा शब्दही बघा ना, किती जुना!

दादा, त्या उताराला एकतीस वर्षं झालीत. त्या दिवशी मला सर्दी झाली होती, वरचा सूर लागेना, म्हणून मी खालून गेले. पुढे तीच सवय झाली. ऐकणाऱ्यांनाही तेच माहीत. आता लग्नातली लोकं माझ्याबरोबर म्हणतात तेव्हा सगळं सभागृह त्या ठिकाणी खाली उतरतं. एका सर्दीला बाईंनी सव्वाशे वर्षं दिली. एरवी मी तुला हे सांगताना पोट धरून हसले असते.

बाईंनी विचारलं, तुमच्याकडे कुणाकडून आलं? ड्रमवाले काका माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, आजोबांपासून चालत आलंय. काकांनी मान खाली घातली आणि काठ्या पुसायला लागले. त्या काठ्या त्यांनी आयुष्यात कधी पुसलेल्या नाहीत.

आता ऐक, घोडं कुठं अडलंय ते. संस्थेचा संग्रह छापून निघतोय, आणि त्यातली बारा गाणी शाळांच्या गाण्यांच्या पुस्तकात घेणार आहेत. दोन हजार शाळा. त्या बारांत हे आहे. त्यासाठी एक कागद आलाय, मी सही करायची. वर गाण्याची पहिली ओळ, खाली 'कर्ता : अज्ञात', त्याखाली लिहिलंय की वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे. वीस तारखेला बाई कागद न्यायला येणार.

सही केली तर दोन हजार शाळांत पोरं तुझं गाणं म्हणतील. खरं सांगितलं तर ते वगळणार, कारण मग ते जुनं राहत नाही. नाव लावून दुसऱ्या कुठल्या पुस्तकात घालतील का विचारशील, तर मी आडून विचारून पाहिलं. नव्या गाण्यांना त्यांच्याकडे जागा नाही. मग ते माझ्या गळ्यात राहील, आणि माझ्या गळ्याचं किती दिवसांचं काय! लेक ते फक्त माझ्यासाठी वाजवते.

तू काय म्हणशील ते मला खरंच कळत नाही. आधी मला तुझं सगळं कळायचं.

वहिनीला नमस्कार.

तुझीच


गुरुवार, १३ मार्च

दादा,

तुझं उत्तर नाही. मी रोज जिन्याखालच्या टपालपेटीत हात घालून बघते. काल दोनदा पाहिलं, जणू टपालवाला माझ्यासाठी दुसरी फेरी मारणार होता.

मागच्या पत्रात एक खोटं आहे. ते पाकिटात घालताना मला माहीत होतं, तरी घातलं.

सर्दी नव्हती मला.

तुला तो दिवस माझ्याइतकाच आठवत असेल, पण माझ्या बाजूनं एकदा सांगते. मधे बोलू नकोस. तू बोलतच नाहीस म्हणा.

गाणं तू केलंस त्याला अकरा दिवस झाले होते. मी तालमीहून उशिरा यायचे, आई दार नुसतं लोटून ठेवायची आणि आत जागी असायची, त्यावरून केलंस. केल्याबरोबर पहिलं मला ऐकवलंस, गच्चीवर, वाळत घातलेल्या चादरींच्या मधे. मी म्हणाले, हे आपण लग्नात म्हणू या. तू म्हणालास, म्हणू, पण बनवणाऱ्याचं नाव सांगून. बाबांना विचारलंस तर ते म्हणाले, बँडमध्ये वाजवणाऱ्याचं नाव नसतं, बनवणाऱ्याचं कुठून येणार? उद्या प्रत्येक जण आपापलं नाव सांगत बसेल, मग वाजवणार कोण? तू चिडलास. ते तुला शिष्ट म्हणाले. आई मधे पडली.

मग लग्नाच्या दुपारी स्टेजमागच्या बोळात मी तुला शब्द दिला. माझ्या बाहीचं बटण तुटलं होतं, तू टाचणी लावून देत होतास. मी म्हणाले, माइक माझ्या हातात असतो. मी सांगते तुझं नाव. सगळ्यांसमोर बाबा काय करणार आहेत? तू व्हायोलिन दोन वेळा जुळवलंस. एकदा जुळलेलं परत जुळवलंस. तेव्हाच मला कळलं की तुला हे किती हवं आहे.

मग मी माइक घेतला. बाबांनी अ‍ॅकॉर्डियनवरून माझ्याकडे पाहिलं. डोळे वटारले नाहीत, काही नाही, नुसतं पाहिलं. आणि मी म्हणाले, "आता एक जुनं गाणं."

एकतीस वर्षं मी स्वतःला विचारते, 'जुनं' का म्हणाले? नुसतं 'पुढचं गाणं' म्हणता आलं असतं. पण मला वाटतं, पुढचं म्हटलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, छान आहे हो, कुणाचं? जुन्या गाण्याला बाप विचारत नाहीत. मी बाबांपासून सुटायला सगळ्यात सोपा शब्द उचलला. अकरा दिवसांचं गाणं मी एका शब्दात जुनं करून टाकलं.

तू सुरुवातीचा तुकडा पूर्ण वाजवलास. एक सूर चुकला नाही. पहिली ओळ मी म्हटली, 'दार लोटलं आहे नुसतं, कडी लावली नाही.' तू व्हायोलिन पेटीत ठेवलंस. दोन्ही खटके लावलेस, ते मला ऐकू आले. मी दुसरी ओळ म्हणत होते, 'कोण येणार कळलं नाही, झोप लागली नाही', आणि तू स्वयंपाकघराच्या दारानं बाहेर चालला होतास. पाठ दिसत होती. तो 'नाही' वर न्यायचा होता. माझा आवाज वर गेलाच नाही, खाली पडला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबा म्हणाले, बरं झालं, तिथे खालीच छान वाटतं.

म्हणजे ज्याला बाई सव्वाशे वर्षं म्हणतात, ती तू दारातून गेलास ती वेळ आहे. मी दर शनिवारी ती सुरात म्हणते, आणि लोक माझ्याबरोबर म्हणतात.

बाबा होते तोवर माझ्याकडे सबब होती. ते गेल्यावर नऊ वर्षं कुणाचा धाक आहे मला? तरी दर वेळी माइक हातात आला की तेच, आता एक जुनं. एकदा खरं सांगितलं असतं तर आधीचं सगळं खोटं पडलं असतं, म्हणून मूग गिळून बसले. तू कार्ड पाठवायचास, मी कार्ड पाठवायचे. तू एका ओळीत जरी भांडला असतास तर मला बरं वाटलं असतं. तू वाजवणं सोडलंस हेही मला वहिनीकडून कळलं. माझ्यामुळे सोडलंस का? हे विचारायला एकतीस वर्षं लागली, आणि विचारतानाही भीती वाटते.

सोबत गाण्याचा कागद आहे, मला येतं तसं सुरांसकट उतरवलंय. वही तू नेलीस, त्यामुळे सगळं आठवणीतलं. संस्थेचा कोरा फॉर्मही ठेवलाय. मला सही करायची नाही आणि न करायची हिंमतही होत नाही. तू सांगशील ते करीन. करू नकोस म्हण, नाहीतर कर म्हण, नाहीतर शिव्या दे. पण वीस तारखेच्या आत.

तू मला भुणभुण म्हणायचास, घरभर गुणगुणत फिरायचे म्हणून. आई गेल्यापासून मला त्या नावानं कुणी हाक मारलेली नाही. आज खाली ते लिहायला हात धजत नाही.

— मी


सोमवार, २४ मार्च

प्रिय दादा,

तुझं पाकीट बुधवारी आलं, एकोणीसला. जिन्यातच फोडलं. आत माझाच कागद! बाकी काही नाही. फॉर्म कोराच्या कोरा परत. मी पाकीट उलटं करून झटकलं, फाडून आतली बाजू पाहिली. अरे, 'कशी आहेस' एवढं लिहायला काय झालं होतं? दोन शब्द. शाईचे पैसे मी दिले असते.

मग चष्मा लावला आणि कागद नीट पाहिला.

तीच ती तुझी तांबडी पेन्सिल. बारीक टोक, शाळेच्या पेपरासारख्या खुणा. वर कोपऱ्यात 'फार घाई करतेस'. बरोबर आहे, नाचणाऱ्यांसाठी आम्ही लय वाढवली होती. तिसऱ्या कडव्यात 'उंबऱ्यावरची चप्पल'वर काट मारून 'पायरीवरची'. आणि शेजारी, 'आपल्या घराला उंबरा कुठे होता?' खरंच की. तीन पायऱ्या होत्या, मधली हलायची. तुझ्या नव्या गाण्यात उंबरा मी कुठून आणून बसवला देव जाणे, आणि बाई त्यावरही भाळल्या होत्या.

आणि मग ती दुसरी ओळ. तिथे मी दोन्ही लिहिले होते, वर तुझा सूर, खाली माझा. मला वाटलं होतं खालचा खोडशील. तू वरचा खोडलास. स्वतःचा. खाली लिहिलंस, 'हे राहू दे. भुणभुण, इथे आधी श्वास घे.'

मी जिन्यात बसले. वरच्या मजल्यावरची शेजारीण पिशव्या घेऊन उतरत होती, तिनं विचारलं, काही वाईट बातमी आहे का? मी म्हणाले, नाही हो, भावानं चुका काढल्यात. ती मला ओलांडून गेली.

गुरुवारी वहीवाल्या बाई आल्या. मी फॉर्म पुढे ठेवला, सही नसलेला, आणि त्याच्यावर तुझा तांबडा कागद. म्हणाले, हे गाणं जुनं नाही. करणारा अजून चुका काढतोय. बाईंनी कागद दोनदा वाचला. वर्षं विचारली. मी एकतीस म्हणाले. त्यांचं तोंड इतकं उतरलं की मलाच वाईट वाटलं. त्यांनी वही काढून बारांच्या यादीतली ओळ खोडली, पट्टी लावून, सरळ. मग हळूच विचारलं, "आणि तो उतार?"

"तो माझा. रडू आलं होतं."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाल्या, मी इतकी वर्षं गाणी गोळा करते, पण असे उतार कुठून येतात हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. जाताना दारात म्हणाल्या, पन्नासला अजून एकोणीस वर्षं आहेत, तेव्हा या गाण्यासाठी कुणीतरी येईल, मी असले तर मीच. दोन हजार शाळा गेल्या, दादा. मला वाटलं होतं चुटपुट लागेल. लागली. एक दिवसभर लागली, मग जेवले.

शनिवारी लग्न होतं, तेच लाकडी जमिनीचं सभागृह. आमच्या यादीत ते चौथं. माइक हातात आला आणि जीभ सवयीनं 'आता एक जु' पर्यंत गेली. तिथे थांबले. श्वास घेतला. तुझं नाव घेतलं, पूर्ण, आडनावासकट. म्हणाले, हे गाणं माझ्या दादानं केलंय, एकतीस वर्षांपूर्वी. मी ते इतके दिवस जुनं म्हणून गात आले, ते खोटं होतं. त्याचं चष्म्याचं दुकान आहे.

शेवटचं का सांगितलं मला माहीत नाही. लोक हसले, पण चांगलं हसले. मागे गुडघ्यांचा आवाज आला. वळून पाहिलं तर ड्रमवाले काका उभे होते. कार्यक्रमाच्या मधे ते कधी उठत नाहीत, उठले की परत बसवावं लागतं. दोन्ही काठ्या छातीशी धरून उभे. लेकीनं हात धरून त्यांना बसवलं आणि आम्ही म्हटलं. सावकाश. पायरीसकट. तुझ्या खुणेच्या जागी श्वास घेऊन, आणि मग खाली.

नंतर एक आजीबाई काठी टेकत स्टेजपर्यंत आल्या, मला म्हणाल्या, बाई, छान म्हटलंस, पण चुकलीस. उंबरा आहे तिथे, पायरी नाही. आम्ही लहानपणापासून ऐकतोय. दादा, त्या ऐंशीच्या होत्या! मी म्हणाले, आजी, उंबरा ही चूक होती, करणाऱ्यानंच दुरुस्त केली. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू या पोरीला काही कळत नाही. नवरी मात्र लेकीला विचारत होती, एकतीस वर्षं म्हणजे जुनंच ना? माझ्या आधीचं आहे.

लेकीनं ते कार्ड 'जुनी'तून काढलं. 'नवी'त ठेवावं तर तिचं मन घेईना, 'चालती'तही नाही. म्हणाली, आजोबांनी याला डबाच केलेला नाही. सध्या ते अ‍ॅकॉर्डियनच्या झाकणावर पडलंय. मागच्या बाजूला तिनं तुझं नाव लिहिलंय, मामाचं नाव, मोठ्या अक्षरात. काल मला म्हणाली, सुरुवातीचा व्हायोलिनचा तुकडा मी कीबोर्डवर किती दिवस काढू, तो आवाज खोटा वाटतो. आता ती हे गाणं फक्त माझ्यासाठी वाजवत नाही.

तुझी खुर्ची अजून स्टेजच्या डाव्या बाजूलाच मांडतो आम्ही. बाबांनी ती कधी काढू दिली नाही. का ते बोलले नाहीत आणि मी विचारलं नाही. आम्ही तिच्यावर कोट टाकतो. बारा एप्रिलला शनिवार आहे, दुपारचं लग्न आहे. मी कोट दुसरीकडे टाकायला सांगितलेत. व्हायोलिन विकलं असशील तर तसाच ये, बस आणि चुका काढ. वाजवणं सोडण्याबद्दल मी जे विचारलं होतं, त्याचं उत्तर तू दिलेलं नाहीस. माझ्यामुळे सोडलंस का? ते मला तोंडावर सांग, मी ऐकून घेईन.

येताना तांबडी पेन्सिल आण. लेकीच्या चुका माझ्यापेक्षा जास्त आहेत.

दिलेला शब्द एकतीस वर्षं उशिरा पाळणारी,
तुझी
भुणभुण